झेंडूचा हार आणि मोठा फॅन

"सर, तुमी मोठा फॅन लावून द्या ना," वैष्णवी तिसऱ्यांदा म्हणाली आणि माझं डोकं सटकलं.

"ताई, बिमारी मी शोधतो. दवाई तुमी नका सांगू."

वैष्णवी मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली. वडिलांची झेंडूची शेती. त्यांनी तिला जुना डेस्कटॉप घेऊन दिला होता आणि तो रोज सकाळी अर्ध्या-पाऊण तासात बंद पडायचा. शुक्रवारी सकाळी तिची नोकरीसाठी ऑनलाइन टेस्ट होती. दोन तासांची, घरूनच, कॅमेऱ्यासमोर. मध्ये मशीन बंद पडलं तर टेस्ट रद्द, दुसरा चान्स नाही.

अकोल्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. मी रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, फॅन साफ केला. दुकानात मशीन दोन दिवस अखंड चाललं. घरी नेलं की पुन्हा बंद. शेवटी गुरुवारी सकाळी मी स्वतःच तिच्या घरी जाऊन बसलो.

तिचे वडील नामदेवभाऊ हातपाय धुऊन आले. सीपीयूला हळदकुंकू लावलं. मग त्यावर झेंडूचा ओला, गच्च गुंफलेला हार घातला. वरची आणि मागची जाळी पार झाकून गेली.

"रोज घालता का भाऊ?"

"रोज. दसऱ्याले अवजाराची पूजा करतो ना आपण? हे माह्या पोरीचं अवजार. पहिला हार याचा, मंग बाकीचे बाजारात."

मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. त्या जाळीतून आतली गरम हवा बाहेर पडते. ती कोंडली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून मशीन आपणहून बंद होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैष्णवीने मला अंगणात बोलावलं.

"सर, मले मालूम आहे. बाबा बाजारात गेले की मी हार काढूनच काम करते. पण उद्या ते इथंच बसतो म्हनते. त्याइच्यासमोर काढू कसा? म्हनून मोठा फॅन मागत होती."

मला गोड बोलणं जमत नाही. आत जाऊन सरळ सांगितलं, "भाऊ, जाळीवर हार नका घालू. मशीनले तिथून श्वास घ्यावा लागते."

त्यांनी झटकन हार उचलला आणि तो हातात धरून तसेच उभे राहिले. "म्हंजे माह्याच्यानं बंद पडत होतं?"

"जागा चुकली भाऊ. हार नाई चुकला."

टेबलाच्या वर भिंतीत मी खिळा ठोकला. त्यांनी हार तिथे अडकवला, दोनदा सरळ केला.

शुक्रवारी अकराच्या सुमारास नामदेवभाऊंचा फोन आला. "एकदाबी बंद नाई पडलं." मग थोडं थांबून म्हणाले, "पोरगी मले सांगाले भेत होती काय?"

"भेत नव्हती भाऊ. तिले तुमचा हार पाहिजे होता."



वैष्णवीला नोकरी लागली. आता गिऱ्हाईक दवाई सांगायला लागलं की मी चिडत नाही, आधी विचारतो, हीच काहून पाहिजे?