प्रणालीचा गुडघा

"फोटोत कोटा नसतो, मॅडम. जरा बाजूला व्हा."

कॉलेजचे क्रीडा संचालक सगळ्यांसमोर हे बोलले. चार वर्षांपूर्वी. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची फायनल आमच्या मुलींनी नुकतीच जिंकली होती. मुलींना खेळ शिकवला होता मी. मुली फोटोसाठी ट्रस्टींच्या मागे रांगेत उभ्या होत्या आणि मी रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले होते. आवाज चढवला नाही संचालकांनी. ट्रस्टी हसले. मुख्य प्रशिक्षक हसले. मीही हसले. मग बाजूला झाले आणि बॉल गोळा करायला लागले.

त्यांचं हसणं मी विसरेन एक वेळ. माझं विसरता येत नाही.

आम्ही बिबवेवाडीचे. आजोबांच्या पिढीपासून बौद्ध. वडील कात्रजला बसडेपोत मेकॅनिक. मी विद्यापीठाच्या संघातून खेळले, बी.पी.एड. केलं, प्रशिक्षणाचा डिप्लोमा केला आणि या कॉलेजात सहायक प्रशिक्षक म्हणून लागले. कंत्राटावर. दर जूनला नवं पत्र. असे अकरा जून. तेवढ्या काळात मुख्य प्रशिक्षक तीन बदलले. तिसऱ्याला झोन डिफेन्स मी कागदावर काढून समजावला. मुख्य प्रशिक्षकाच्या त्या जागेसाठी माझीही मुलाखत झाली होती. आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं. बास्केटबॉलचा प्रश्न एकही नाही.

गेल्या हिवाळ्यात प्रणालीचा गुडघा सुजला. प्रणाली आमची कॅप्टन. आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहणारी, आमच्यातलीच. गुडघा हाताला गरम लागत होता. सरावाच्या वहीत मी लिहिलं: सूज आहे, खेळवू नये. वही मुख्य प्रशिक्षकांपुढे ठेवली, तोंडीही सांगितलं. त्यांनी वही मिटली.

"चिवट असतात ही मुलं. यांना काही होत नाही."

ही मुलं म्हणजे कुठली, ते मला कळलं. प्रणालीलाही कळलं. ती तिथेच बुटाच्या नाड्या बांधत बसली होती. मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे बघितलं. डोक्यात जूनचं पत्र होतं.

दोन दिवसांनी सामना. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती उडी घेऊन खाली आली आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मला बाकावर ऐकू आला. ती ओरडली नाही. सिमेंटवर बसून परत माझ्याकडेच बघत होती.

लिगामेंट तुटलं होतं. पुन्हा खेळेल का, ते डॉक्टरांना सांगता येईना. तिच्या वडिलांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली.

आणि कॉलेज माझ्याशी गोड वागायला लागलं. तेव्हाच मला भीती वाटायला लागली. ज्या संचालकांनी अकरा वर्षांत कधी बसा म्हटलं नव्हतं, ते आता अहो, आपण, चहा घेणार का, असं बोलू लागले. शिपाई माझ्या कपाटाची किल्ली जरा पाहिजे म्हणून घेऊन गेला. किल्ली परत आली. सरावाची वही गेली होती. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं.

मग केबिनमध्ये बोलावणं आलं. शिपायाने दार बाहेरून ओढून घेतलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. खेळाडूने दुखापत आमच्यापासून लपवली, असं माझ्या नावाने लिहिलेलं. खाली फक्त सही हवी होती. मुख्य प्रशिक्षक विद्यापीठाच्या निवड समितीवर जाणार, त्यांची जागा मला मिळणार, कायम. संचालक शांतपणे समजावून सांगत होते. ते खोटं बोलत नव्हते. जागा त्यांनी खरंच दिली असती. मी पेन उचललं.

"आपली माणसं सांभाळायची असतात, मॅडम," ते म्हणाले. "आता तुम्ही आपल्यातल्याच."

आपल्यातल्या. अकरा वर्षं हा शब्द ऐकायला मी कान टवकारून बसले होते. तो आला, आणि आला तो एका पोरीचा पाय मोडून. मी पेन खाली ठेवलं.

"सर, तो गुडघा मी हाताने तपासलाय. सही होणार नाही."

ते चिडले नाहीत. माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून त्यांनी स्वतःच्या बाजूला ठेवला.

"पुणं फार वाढलंय म्हणतात. बास्केटबॉलचं पुणं लहानच आहे. विचार करा."

त्याच संध्याकाळी मी घडलं ते दोन पानं हाताने लिहून काढलं. सकाळी कार्यालयात दिलं आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला.

या जूनला पत्र आलं नाही. दुसऱ्या एका कॉलेजने मुलाखतीला बोलावलं आणि मुलाखतीच्याच सकाळी येऊ नका म्हणून कळवलं. परवा अनोळखी नंबरवरून फोन आला. वडील अजून डेपोतच असतात ना, एवढंच विचारलं आणि ठेवला. आई तेव्हापासून खिडकी उघडत नाही.

प्रणालीच्या वडिलांच्या तक्रारीवरून नेमलेल्या चौकशी समितीने सोमवारी मला बोलावलंय. आई म्हणते, जाऊ नकोस. वडील म्हणाले, मी सुट्टी टाकतो, बरोबर येतो. मी त्यांना नको म्हटलं. एकटीच जाणार आहे.

मुख्य प्रशिक्षक जे बोलले ते शब्दाला शब्द सांगणार. कागदाचं सांगणार, वहीचं सांगणार. पण त्याआधी हे सांगणार, की सुजलेल्या गुडघ्याने पोरगी कोर्टवर उतरली तेव्हा तिला अडवणं माझं काम होतं आणि मी गप्प बसले. दोषींत पहिलं नाव माझं लिहून घ्या. मग बाकीची सांगते.