कूलरच्या चपला

आमच्या घरात रबरी चपलांचा एक जोड आहे, तो कुणाचाच नाही. पांढरा तळ, निळे पट्टे, डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन. उन्हाळाभर तो कूलरशेजारी पडलेला असतो आणि कूलरमध्ये पाणी भरणाऱ्यानं, मग तो कितीही घाईत असो, आधी त्यात पाय घालायचे. हा नियम माझ्या सासूबाईंचा. अशाच एका कूलरच्या शॉकनं त्यांना ऐन वैशाखात न्हाणीच्या दारापर्यंत फेकलं होतं. तेव्हापासून वीज म्हटलं की चप्पल, एवढंच त्यांचं विजेचं शास्त्र. नागपुरात ते बऱ्याच घरांत चालतं, त्यामुळे मी कधी वाद घातला नाही.

सासूबाई आमच्याकडे नागपूरच्याच बेसा भागात राहायला आल्या तेव्हा येताना तीन गोष्टी आणल्या: कपड्यांची पेटी, ढोलकी आणि या चपला. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आधी वर्षभर नाही नाही म्हणत होत्या. आल्यावरही चहा घेताना अशा अवघडून बसत की मलाच माझ्या घरात पाहुण्यासारखं वाटे. मला त्या 'जी' लावल्याशिवाय बोलत नाहीत, मी त्यांना आई म्हणतो. भांडण आमचं एकच, ते म्हणजे मी गाडीत लावतो त्या गाण्यांचं. 'हा काय धिंगाणा जी,' असं त्या म्हणायच्या. हल्ली म्हणेनाशा झाल्या, कारण त्यांना धिंगाणाही ऐकू येईनासा झाला.

कानातलं यंत्र आणलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून रुमालात गुंडाळून कपाटात गेलं. इतर गोष्टींचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. घरात काय चाललंय ते त्या तोंडं बघून ओळखायच्या, आणि माझ्या बायकोचं तोंड बघून कुणीही ओळखेल. खरं दुःख ढोलकीचं होतं. त्यांच्या जुन्या वस्तीतल्या विहारात बायकांचं गायन मंडळ आहे. दर चौदा एप्रिलच्या जयंतीला त्या तिथे गातात, आणि इतकी वर्षं ढोलकी सासूबाईंची. गेल्या जयंतीला ताल मागे पडू लागला. बायका चांगल्या, कुणी काही बोललं नाही, नुसतं एकमेकींकडे पाहिलं. ते सासूबाईंनी पाहिलं. घरी आल्या, ढोलकी कापडात बांधली आणि मला म्हणाल्या, "माळ्यावर टाकून द्या जी. जागा खाऊन राहिली."

मी टाकली. पण ती तिथे असल्याचं मला रोज जाणवे.

यंदा मार्चमध्ये सीताबर्डीहून येताना मी आणि सासूबाई सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक गाडी येऊन उभी राहिली. आतली पोरं मस्त, काचा बंद, आणि आतून असा दणका की आमच्या गाडीचा आरसा थरथरायला लागला. मी दोन शिव्या तोंडात जुळवत होतो, तेवढ्यात बाजूला लक्ष गेलं. सासूबाईंचा एक हात दारावर टेकलेला होता आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर पडत होती. ठेक्यात! सिग्नल सुटला, ती गाडी गेली, बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून पदर सारखा केला.

मी गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात विक्री बघतो. पण स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांत स्पीकर बसवणं हा माझा कॉलेजपासूनचा नाद. त्या रात्री जेवताना मी बायकोला म्हटलं, "तुझ्या आईला कानानं ऐकू येत नाही, पण बुडानं येतं."

बायकोनं भाताचा डाव उगारला. मी सिग्नलवरचं आणि सीटखाली तसाच दणका बसवायचं नीट सांगितल्यावर मात्र तिनं डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "जयंतीच्या आत होईन का?"

सीटखाली बसणारा चपटा वूफर, म्हणजे दणका देणारा स्पीकर, आणला. दुकानदार लगेच बसवून द्यायला तयार होता, पण त्याच्या पोरानं वायर दातानं सोललेली मी पाहिली होती. ज्या सीटवर माझी सासू बसणार तिच्याखाली मी असलं काम करू देईन होय? रविवारी सकाळी घरासमोर गाडी उभी केली, बॉनेट उघडलं आणि बोटातली अंगठी काढून बायकोच्या हातावर ठेवली.

"हे काय, काडीमोड?" ती म्हणाली.

"अंगठी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अडकली तर लाल होते. मग बोटासकट काढावी लागते."

तिनं ती पटकन आपल्या बोटात घातली आणि आत गेली. मी दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं काळं टोक सोडवून बाजूला वळवून ठेवलं. ते सुटलं की गाडीच्या अंगात जीव राहत नाही. मग लाल टोकावरून जाड वायर घेतली, तिच्यात बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला, आणि पत्र्याच्या भोकात रबराची कडी घालून वायर आत ओढली. नाहीतर पत्रा वायरीला हळूहळू कापत राहतो.

एवढ्यात सासूबाई आल्या, हातात त्या चपला घेऊन.

"घाला जी."

मी हसलो. म्हटलं, ही बारा व्होल्टची बॅटरी, ही शॉक देत नाही, हिची भीती वेगळी, ही आग लावते. ते त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्या बंगल्यातले काका गॅलरीत येऊन "बरोबर आहे" म्हणाले. सासूबाईंना अजूनही काही कळलं नव्हतं.

"काहून हसून राहिले? मले ऐकू नाही येत, पण दिसते ना सगळं. वायर हाय तिथं चप्पल पाहिजे."

मी चपला घातल्या. टाचा अर्ध्या बाहेर. तसाच उकिडवा बसून काम करत राहिलो. थोड्या वेळानं पायांना रग लागली, मी त्या काढून चाकाशेजारी ठेवल्या आणि गाडीत शिरलो. सीट उचलून मागे कलती केली होती, वूफरला वायर जोडून झाली होती, त्या जोडावरचं झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. आता इथे एक सांगायला हवं. फ्यूज सगळ्यात शेवटी बसवायचा असतो. पण काळं टोक सोडलंय ना, मग काय होतंय, म्हणून मी तो आधीच बसवून टाकला होता. त्यांची भिस्त चपलांवर, माझी काळ्या टोकावर.

सासूबाईंनी बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं. काळं टोक लोंबतंय, पाना शेजारी पडलाय. त्यांना वाटलं, जावई विसरले. बिचारे सकाळपासून उन्हात राबून राहिले, तेवढं तरी आपण करू. त्यांनी चाकाशेजारच्या चपला पायात घातल्या, म्हणजे आता कशाचीही भीती नाही, आणि पाना उचलला.

मी आत सीट खाली टेकवत होतो. सीटखालची लोखंडी पट्टी वूफरच्या उघड्या टोकावर टेकली आणि त्याच क्षणी बाहेर त्यांनी काळं टोक बॅटरीवर दाबलं. चट्ट आवाज झाला, माझ्या हाताशी ठिणगी उडाली, जळका वास आला.

"आई! सोडा!"

मी इतक्या जोरात ओरडलो की काका पुन्हा गॅलरीत आले. भीतीनं ओरडलो होतो. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला नुसतं तोंड दिसतं, आणि भीतीचं तोंड रागाच्या तोंडासारखंच असतं. सासूबाईंच्या हातून पाना पडला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि आत निघून गेल्या.

मी आधी काळं टोक पुन्हा सोडवलं. वायर चाचपली, थंड होती. मग फ्यूज काढून पाहिला. आतली पट्टी मधोमध वितळून तुटली होती.

घरात गेलो तर सासूबाई कूलरशेजारी खाली बसलेल्या, भिंतीकडे तोंड. बायको शेजारी उभी.

"मले आता कशातच घेऊ नका वं," त्या तिला म्हणत होत्या. "तिथं बी ताल चुकवला, इथं बी चुकवला. बसून राहतो एका जागी."

बायको माझ्यावर वळली. "तिच्यावर ओरडले तुम्ही?"

"ऐकू यावं म्हणून..."

"तिले ऐकू येत नाही!"

मी सासूबाईंशेजारी फरशीवर बसलो आणि तो फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. फ्यूज उजेडात धरून फिरवला. आतली तुटलेली पट्टी त्यांना दिसली.

"मी तोडलं?"

मी 'नाही' अशी मान हलवली. मग हातानं सांगितलं: हा तुटला, म्हणून वायर वाचली, गाडी वाचली. माझ्या हाताकडे, त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं. सगळे वाचलो. आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की घाबरलो होतो, रागावलो नव्हतो.

त्यांनी एकदा फ्यूजकडे आणि एकदा शेजारी ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं.

"म्हंजे हे गाडीची चप्पल हाय का जी?"

"हो," मी म्हणालो. इतकी वर्षं लोकांना फ्यूज समजावतोय, पण असं मला कधी सुचलं नव्हतं.

"मंग दुसरी घाला ना तिले," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्याला धरून उठल्या.

दुपारपर्यंत काम झालं. या वेळी झाकण आधी, सीट मग, काळं टोक त्यानंतर आणि फ्यूज शेवटी. सासूबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या. पायात चपला होत्याच, शिवाय हात मांडीवर घट्ट, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशा. मी त्यांच्या मंडळाचं दर जयंतीचं पहिलं गाणं लावलं. गाणं सुरू झालं, पहिलं कडवं अर्धं झालं.

"लावलं का जी?" त्यांनी विचारलं.

एवढा खटाटोप करून, जयंती आठवड्यावर आलेली असताना, आता लावलंय हे यांना कोणत्या तोंडानं सांगू? मी वूफरचं बटण हळूहळू फिरवत नेलं. काच थरथरली. सासूबाईंनी खाली पायांकडे पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिल्या. मग वाकल्या, एक चप्पल काढली, दुसरी काढली, त्या बाजूला सारल्या आणि दोन्ही अनवाणी पाय गाडीच्या तळाला नीट टेकवले.

बोटं मांडीवर आली. आधी चाचपडली, मग पडू लागली. मी ऐकत होतो, कुठे चुकतात ते बघत होतो. त्या चुकत नव्हत्या. कडव्यानंतर ताल जोर धरतो ती उठाण त्यांनी माझ्याआधी पकडली. मला समोरचं धड दिसेना.

"ढोलकी काढा माळ्यावरची," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ढिली झाली असंन. वढावी लागंन."

बायको अंगठी द्यायला फाटकातून बाहेर आली होती. तिची नजर आधी त्या उघड्या पायांवर गेली आणि ती जन्माच्या सवयीनं ओरडली, "आई, चप्पल घाल वं!"

सासूबाईंना ऐकू गेलं नाही. त्या वाजवत राहिल्या.