कंपनीआजोबांचा एक दिवसाचा संप

प्रिय सई आणि निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निहारने मला विचारलं, "आजी, संप करणारी माणसं वाईट असतात का?" तुमच्याकडे बसवाले संपावर होते, बाबाला चालत ऑफिस गाठावं लागलं होतं आणि त्याचा पारा चढला होता. मी "नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. मी पेणच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. उत्तर येत नसलं की "उद्या सांगते" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगायचं, ही माझी शिस्त. या वेळी एका दिवसाचा आठवडा झाला, कारण हे उत्तर एका वाक्यात मावत नाही. त्यासाठी आधी तुम्हांला तुमचे कंपनीआजोबा नीट माहीत असायला हवेत. तुम्हांला त्यांचा फक्त उजवा कान माहीत आहे, कारण व्हिडिओ कॉल असला तरी ते फोन कानालाच लावायचे.

तर पहिलीच गोष्ट सांगते. पेणपासून रोह्यापर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना जेवढी माणसं राहतात, त्यांत सरकारी नोकरांवर कंपनीआजोबांइतका मनापासून रागावलेला माणूस दुसरा नाही. ते माझे धाकटे दीर, तुमच्या आजोबांचे पाठचे भाऊ. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते छत्तीस वर्षं ऑपरेटर होते. कंपनीची बस पहाटे नाक्यावर यायची आणि गडब, नागोठणे करत रोह्याला जायची. त्या बसमध्ये त्यांची खिडकी ठरलेली होती आणि ती सोडून ते दुसरीकडे कधी बसले नाहीत. प्लांटमधल्या ब्लोअरच्या आवाजाने कान गेले, म्हणून ते स्वतःही ब्लोअरएवढ्याच आवाजात बोलतात. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असताना हे ओटीवर पेपर घेऊन बसले, की कारागीर ब्रश वर उचलून थांबतात. बातमी संपाची असली तर ते सरळ चहा प्यायलाच उठतात. एकदा "मास्तर लोकांना अजून काय पायजे!" ही आरोळी अचानक आली आणि एका गणपतीची भुवई कानापर्यंत गेली.

नोकरी सुटली तरी कंपनी त्यांच्या अंगातून गेलेली नाही. त्यांच्या दिवसाला सकाळ-दुपार नसते, फर्स्ट शिफ्ट आणि सेकंड शिफ्ट असते. कुठेही गेले की ते आधी वारा कुठून येतोय ते बघतात आणि मग बाहेर पडायची वाट, कारण गॅस सुटला तर वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, आडवं पळायचं, हे त्यांच्या हाडांत मुरलंय. तुमच्या बाबाच्या लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला त्यांनी विचारलं, "दुसरं दार कुठं हाय?" बिचारा घाबरला. माझं तुळशीवृंदावन त्यांनी परस्पर असेंब्ली पॉइंट ठरवून टाकलं आहे. एकदा माझ्या कुकरचा व्हॉल्व्ह उडाला, तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना तुळशीपाशी उभं करून माणसं मोजली. मोजणी दोनदा झाली. तोवर आत गॅसवर राहिलेली आमटी पातेल्याला लागून कोळसा झाली.

पण सगळ्यांत मोठा नियम रिलीव्हरचा. केमिकलचा प्लांट रात्रंदिवस चालतो, त्याला क्षणभरही एकटं सोडता येत नाही. शिफ्ट संपली तरी आपल्या जागी पुढचा माणूस आल्याशिवाय उठायचं नाही. त्या पुढच्या माणसाला म्हणतात रिलीव्हर. आपला चार्ज त्याला समजावून द्यायचा आणि मगच हात धुवायचे. एकदा पुरात रस्ता बंद झाला आणि यांचा रिलीव्हर दोन दिवस आला नाही. दोन दिवस हे व्हॉल्व्हपाशी बसून राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या बायकोने, तुमच्या धाकट्या आजीने, दार उघडून विचारलं, "जिवंत हाव ना?" हे म्हणाले, "प्लांट चालू हाय." या उत्तराचा मला फार अभिमान वाटतो आणि तेव्हाही वाटला होता, पण धाकटी आजी मात्र आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

आता माझ्यावरचा राग सांगते. मी अनुदानित शाळेतली, म्हणून मला सरकारी पेन्शन. ती शेवटच्या पगारावर बांधलेली, मरेपर्यंत ठरलेली आणि महागाईबरोबर वाढणारी. त्यांनाही फंडाच्या ऑफिसातून पेन्शन येते. तिला ते 'चहापत्ती' म्हणतात, त्यावरून काय ते समजा. महिन्याच्या पहिल्या तारखेला कुंपणावरून हाक यायची, "वहिनी, म्हैस व्याली का?" म्हणजे माझी पेन्शन जमा झाली का. मी म्हणायची, "भाऊजी, मी बत्तीस वर्षं तिला चारा घातलाय." ते म्हणायचे, "आन् आम्ही काय उपाशी ठेवली?" दर नोव्हेंबरात आम्ही दोघं मिळून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो. पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. मशीनवर बोट ठेवायचं असतं. केमिकलने त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत, त्यामुळे मशीन त्यांना ओळखत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी दहाही बोटं लावून पाहिली आणि मग सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा ना यांना, तुमचं म्हणणं सरकार ऐकतं!"

हा राग नुसत्या पेन्शनचा नव्हता. त्यांची लेक, तुमची वैशूआत्या, पोटात होती तेव्हा त्यांच्या कंपनीत संप झाला होता. गणपती गेले, दिवाळी गेली, गेट बंदच. शेवटी 'पुन्हा संप करणार नाही' अशा कागदावर सही करील त्याला आत घेतलं. भाऊजींनी सही केली. त्यांच्या जोडीच्या एकाने नाही केली. तो कोलाडला हायवेवर चहाची गाडी लावून बसला. भाऊजी कोलाडवरून शेकडो वेळा गेले असतील, पण त्या गाडीवर त्यांनी कधी चहा घेतला नाही. मला एकदाच म्हणाले होते, आणि तेही त्यांच्या मानाने हळू आवाजात, "वहिनी, आम्ही संप केला तर गेट बंद होतं. सरकारी माणसानं केला तर बातमी होते. त्यांच्या संपाला परतीचं तिकीट असतं."

अशा माणसाची मुलगी सरकारी नर्स झाली. धाकटी आजी वैशूच्या दहावीतच गेली, त्यानंतर बापाला लेक आणि लेकीला बाप. डोंगराकडच्या एका उपकेंद्रात तिला नोकरी लागली तेव्हा यांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्याबरोबर सांगितलं, "सरकारी झाली. आता कामाला सुट्टी!" वैशूने त्या उपकेंद्रात किती काम केलं ते तिथल्या वाड्यावस्त्यांना विचारा. पण तिला नोकरी लागली तोवर पेन्शनचा नियम बदललेला होता. माझ्यासारखी जुनी पेन्शन तिला नाही. तिच्या पगारातून कापलेले पैसे बाजारात गुंतवतात आणि म्हातारपणी त्यांचं काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही. काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, जुन्या पेन्शनसाठी सरकारी लोकांनी संप पुकारला आणि वैशूने त्यात बसायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी ओटीवर जे झालं ते ऐकायला गणपतीच्या कारखान्यातले सगळे कारागीर बाहेर आले होते. "तुझ्या वाडीतल्या बायांना रिलीव्हर कोण?" भाऊजींनी विचारलं. वैशू म्हणाली, "बाबा, तालुक्याच्या दवाखान्यात तातडीचं सगळं चालू ठेवलंय. आणि माझ्या म्हातारपणाला रिलीव्हर कोण, ते सांगा." भाऊजी एकदम कडाडले, "बसायचं तर बस. मग माझ्या घरी भाजी घेऊन येऊ नको!" लग्न होऊन वैशू दोन गल्ल्यांपलीकडे राहते आणि रोज संध्याकाळी बापाला भाजी आणून देते. ती उठली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून भाजीचा डबा माझ्या ओट्यावर यायला लागला. मी तो नेऊन द्यायची. ते विचारायचे, "कोणी केली?" मी म्हणायची, "मी." ते म्हणायचे, "तुमच्या हाताला एवढी मिरची नाय," आणि डबा चाटूनपुसून परत द्यायचे. पण लेकीला फोन करत नव्हते. तीही कमी नाही, बापाचीच मुलगी. मला मनातून भीती वाटत होती, की आईविना वाढलेलं हे दोघांचं घर एका पेन्शनपायी मोडणार.

संपाचा मंडप तहसील कचेरीसमोर होता. चौथ्या दिवशी मी वैशूचा डबा घेऊन गेले, तर रस्त्याच्या पलीकडे उन्हात छत्री उघडून भाऊजी उभे. मी म्हटलं, "इथे काय करताय?" ते म्हणाले, "वारा बघतोय." मंडपात पोचते तर वैशू फोन धरून उभी, चेहरा उतरलेला. कातकऱ्यांच्या वाडीवरून तिथल्या आशा सेविकेचा फोन होता. एका पोरीला कळा सुरू झाल्या होत्या, पहिली खेप होती, आणि ती दवाखान्याच्या गाडीत बसायला तयार नव्हती. 'वैशूताई आल्याबिगर हलणार नाय' म्हणून खांबाला धरून बसली होती. वैशूच्या मैत्रिणी म्हणत होत्या, जा. संघटनेचे सेक्रेटरी हळूच म्हणत होते, "मॅडम, जायला हवंच. पण दुपारच्या हजेरीला जागा मोकळी दिसली तर उद्या दहा जागा मोकळ्या होतील, एवढंच."

तेवढ्यात भाऊजी मंडपात येऊन थडकले. "काय झालंय?" मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांच्या कानात सांगायचं म्हणजे सगळ्या कचेरीला सांगायचं. "कुणाला कळा?" ते ओरडले. आतले कारकूनही खिडकीत आले. मग त्यांनी छत्री मिटली, चपला काढल्या, त्या नीट जुळवून ठेवल्या आणि नर्सबायांच्या रांगेत, सतरंजीवर वैशूच्या जागी जाऊन बसले.

"जा तू," ते म्हणाले. "तुझा रिलीव्हर आलाय. चार्ज दे."

वैशूला हसावं की रडावं कळेना. "बाबा, चार्ज कसला? बसायचं आणि घोषणा द्यायच्या."

"किती वेळानं?"

"असं काही नाही हो... अर्ध्या-अर्ध्या तासानं देतात."

"बरं. नीघ."

ती मोटरसायकलवर एकाच्या मागे बसून गेली. भाऊजींनी घड्याळ काढून समोर ठेवलं. त्या दिवशी पेणमध्ये दर अर्ध्या तासाला, मिनिटाचाही फरक न होता, घोषणा झाली. जेवणाच्या वेळी सगळे डबे उघडून बसले होते, तेव्हाही हे एकटे उभे राहिले आणि एकट्याने दिली. ती बहुतेक शेजारच्या जिते स्टेशनापर्यंत ऐकू गेली असावी. एका स्थानिक पेपरचा बातमीदार मुलगा त्यांच्यापाशी आला. "आजोबा, कुठल्या खात्यातून रिटायर?"

"कुठल्याच नाय. मी प्रायव्हेट."

"मग यांच्या मागणीला तुमचा पाठिंबा?"

"अजिबात नाय! चाळीस वर्षं मी यांना शिव्या दिल्यात, उद्यापण देईन." मला वाटतं, ते पहिल्यांदाच स्वतःला ऐकत होते. "पण एक सांग मला. माझ्या पोरीची पेन्शन काढून घेतली, म्हणून माझी चहापत्ती वाढली काय? नाय ना? मग मी कशाला खूष होऊ?" शेजारी पाठिंब्याच्या सह्यांचा कागद फिरत होता. त्यांनी तो ओढून घेतला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि विचारलं, "कुठं करायची?" पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट सही केली. मी शाळेत हजारो मुलांची अक्षरं तपासली आहेत, पण इतकी सावकाश केलेली सही मी पाहिलेली नाही.

संध्याकाळी मंडप उठला. सगळे घरी गेले. सतरंज्यावाला गुंडाळत गुंडाळत भाऊजींपर्यंत आला आणि थांबला, कारण ते शेवटच्या सतरंजीवर बसून होते. मी म्हटलं, "भाऊजी, चला आता." ते म्हणाले, "ती आली नाय अजून." सतरंज्यावाला बिचारा शेजारी टेकला. अर्ध्या तासाने वैशू आली, केस विस्कटलेले, साडी धुळीने माखलेली.

"काय झालं?"

"मुलगी. दोघी चांगल्या आहेत."

"आन् तू जेवलीस का?"

ती नाही म्हणाली. त्यांनी उठून सतरंज्यावाल्याला सतरंजी दिली आणि लेकीला घरी नेलं. त्या दिवशी भाजी त्यांनी केली. ती कशी झाली होती, ते वैशूने अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पुढे संप मिटला, कमिटी बसली, योजनांची नावं बदलली. वैशूला शेवटी काय मिळणार ते अजून पुरतं स्पष्ट नाही. भाऊजी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सरकारी नोकरांना शिव्या द्यायला लागले, आणि मला त्यांचा खरा अभिमान वाटतो तो इथेच. त्यांचं मत बदललं नव्हतं. ज्याच्याशी पटत नाही त्याची जागा दिवसभर सांभाळता येते, एवढंच त्यांनी करून दाखवलं. निहार, मला येतं ते उत्तर एवढंच.

या वर्षी त्यांचे दोन्ही कान पूर्ण गेले. रोह्याची कंपनी बंद झाली, प्लांट भंगारात गेला, आणि बसमधल्या त्यांच्या सोबत्यांपैकी आता फारसं कोणी उरलेलं नाही. हल्ली ओटीवर पेपर तसाच घडी करून ठेवून ते नाक्याकडे बघत बसतात. वैशू मात्र रोज संध्याकाळी येते आणि पेन्शनवरून त्यांच्याशी भांडते. तिचं म्हणणं ती वहीत लिहून दाखवते आणि ते मोठ्याने उत्तर देतात, त्यामुळे गल्लीला भांडणाची एकच बाजू ऐकू येते. सध्या पाचवी वही चालू आहे.

तुमची,
आजी