कॅनडाकाका आणि टाकीची सावली

मे महिन्यात भोपाळच्या क्वार्टरांच्या भिंती दिवेलागणीलाही हात लावू देत नाहीत, अशा दिवसांत कॅनडाकाका थंडीबद्दल बोलत. अंगणात पाणी मारून खाटा टाकलेल्या असत, कूलरमधली खस वाळून खडखडत असे, आणि हे गृहस्थ बनियनवर बसून सांगत, "तिकडे दाराची मूठ उघड्या हातानं धरली तर कातडी चिकटते." ऐकणारा कपाळाचा घाम पुसत "हो का?" म्हणे. आतून काकूंचा आवाज येई, "तिकडची मूठ राहू द्या, इकडची बादली भरा. नळ जाईल आता."

त्यांचं खरं नाव मनोहर गद्रे. पण रायसेन रोडवरच्या आमच्या टाउनशिपमध्ये ते नाव फक्त पगाराच्या पाकिटावर आणि दारावरच्या पाटीवर होतं. कारखान्याने त्यांना टर्बाइनच्या ट्रेनिंगसाठी कॅनडाला पाठवलं होतं. तिथे ते जेमतेम एक हिवाळा राहिले. येताना त्यांनी एक जाडजूड ओव्हरकोट आणला, बर्फावर घसरायच्या बुटांचा एक जोड आणला आणि डोक्यात एक खूळ आणलं. कोटात पुढे काकूंनी डांबराच्या गोळ्या घातल्या, बूट माळ्यावर गेले. खुळाला मात्र कुठे ठेवायचं ते काकूंना शेवटपर्यंत समजलं नाही.

मी लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आले तेव्हा त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. पहिल्याच आठवड्यात काका कुंपणावरून म्हणाले, "शुभदा, तू बी.ए. ना? मग उद्यान समितीत ये. महिला प्रतिनिधीची जागा रिकामी आहे." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपरात तोंड घालून म्हणाले, "जा. सगळ्यांवर ही पाळी येते." समितीत तिघंच होतो. सचिव काका, मी आणि कल्याण विभागाचे श्रीवास्तवजी. श्रीवास्तवजी कुठल्याही गोष्टीला "हो जाएगा" म्हणत आणि मग ती होत नसे.

काकांची एक सवय होती. ते बागेला बाग म्हणून कधी पाहत नसत. त्यांना तिथे बर्फ दिसे. संध्याकाळी आम्ही फिरायला गेलो की ते एखाद्या बागेत मधेच उभे राहत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "इथे उतार आहे, पाणी कडेला पळेल." किंवा "ही जागा सपाट आहे, पण दुपारपर्यंत ऊन." तिकडे म्हणे प्रत्येक मोहल्ल्याच्या बागेत हिवाळ्यात लोक स्वतःच पाइपने पाणी सोडतात, रात्रीतून ते गोठतं, आणि सकाळी पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे त्यावर घसरत असतात. "आणि ही रिंक कुठे करायची हे कुणी साहेब ठरवत नाही," ते बोट वर करून सांगत. "मोहल्ला ठरवतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते बोट वर गेलं की मी मनातल्या मनात पुढचं म्हणून टाकत असे.

आमच्या टाउनशिपमध्ये असं काही ठरवणारा मोहल्लाच नव्हता. होते ते टाइप. ए-टाइप म्हणजे मोठ्या साहेबांचे बंगले, त्यांच्या बागेत कारंजं. मधल्या लोकांची सी-टाइप, त्यांच्या बागेशेजारी देऊळ. आणि पार टोकाला, आनंद नगरच्या बाजूला, डी-टाइप क्वार्टरं. त्यांच्या बागेत पाण्याची उंच टाकी, एक मोडका झोपाळा आणि गुडघाभर गाजरगवत. ए-टाइपची माणसं डी-टाइपमध्ये कधी जात नसत. भांडण काही नव्हतं. जायचं कारणच पडत नसे.

दर जानेवारीत कारखान्याचा मेळा भरे. त्या वर्षी जीएम साहेबांनी फर्मावलं, "इस बार कुछ नया होना चाहिए." काका खुर्चीतून उठलेच. "सर, बर्फ!" भोपाळात काही गोठत नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण हिवाळ्यात बर्फाचे कारखाने रिकामे बसतात. तिथून लाद्या आणायच्या, भुशावर एकीला एक लावून जमिनीवर मांडायच्या, फटींत चुरा भरून पाणी मारायचं. एका सकाळपुरती रिंक तयार! श्रीवास्तवजी म्हणाले, "हो जाएगा." मला वाटलं, संपलं आता.

पण ते झालं. जुन्या शहरातल्या रफीकभाईंच्या बर्फखान्यात काका मला आणि श्रीवास्तवजींना घेऊन गेले. रफीकभाई शाल गुंडाळून शेगडीपाशी बसले होते. "को ख़ाँ, जनवरी में बरफ?" त्यांनी काकांकडे नीट निरखून पाहिलं. "मय्यत-वय्यत तो नहीं हुई घर में?" काकांनी त्यांना सगळा कॅनडा समजावून सांगितला. ऐकून रफीकभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "मियाँ, ट्रक तुम लाओ, बरफ हमारी तरफ से. हम भी देखने आएँगे."

आता प्रश्न उरला तो जागेचा, आणि त्यावरून टाउनशिप पेटली. जीएम साहेबांच्या मॅडमनी कारंज्याची बाग जवळजवळ मुक्रर करून टाकली. देवळाच्या बाजूचे लोक म्हणाले, आमच्याकडे गर्दी आपोआप होते. डी-टाइपला कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही म्हटलं नाही. काका म्हणाले, "भांडून काय होणार? बर्फालाच विचारू."

आणि त्यांनी खरंच विचारलं. काकूंच्या फडताळातून तीन सारख्या थाळ्या घेतल्या, फ्रीजमध्ये त्यांत पाणी गोठवलं आणि भल्या सकाळी तिन्ही बागांत एकेक थाळी नेऊन ठेवली. सर्वांत जास्त वेळ जिथला बर्फ टिकेल ती जागा. पहिल्या दिवशी कारंज्यापाशी ठेवलेला बर्फ एका साहेबांच्या अल्सेशियनने चाटून संपवला. दुसऱ्या दिवशी देवळाशेजारी काय झालं ते आम्हाला दुपारी समजलं. पहाटे फिरायला आलेल्या बायकांनी बागेच्या कोपऱ्यात बर्फाची थाळी पाहिली आणि कुणीतरी टोटका केला, करणी केली म्हणून बोंब उठवली. पुजाऱ्याने थाळीवर गंगाजल शिंपडलं. त्याने बर्फ आणखी लवकर वितळला, आणि थाळी काही मिळाली नाही. पुजाऱ्याने ती उतारा म्हणून तळ्यात सोडली होती. काकू दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. थाळ्या माहेरच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी काकांनी प्रत्येक थाळीपाशी माणूस बसवला. कारंज्याच्या बागेत श्रीवास्तवजी, देवळापाशी ते स्वतः, काकूंकडून कशीबशी मिळवलेली एक परात घेऊन, आणि डी-टाइपमध्ये मी. मी टाकीखाली शाल लपेटून थाळीकडे बघत बसले होते. समोरच्या क्वार्टरातून एक बाई आली. लोखंड ठोकायच्या फोर्ज शॉपमधल्या फिटरची बायको, रामकलीबाई, सागर जिल्ह्याकडची. "काय दीदी, का ढूँढ़ रईं?" मी म्हटलं, "बर्फ पिघलता है क्या, देख रही हूँ." तिने माझ्याकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं, घरात गेली आणि माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आली. बहुधा तिला वाटलं, बिचारीला थंडी बाधली आहे. आम्ही दोघी थाळीशेजारी बसलो. इतर दोन्हीकडे ऊन आलं आणि बर्फाचं पाणी झालं, तेव्हा आमच्याकडे टाकीची लांब सावली अजून हललेली नव्हती. माझ्या थाळीत बर्फ तसाच होता.

जीएम साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मॅडमही आल्या होत्या. काकांनी निकाल सांगितला. मॅडम म्हणाल्या, "पर मिस्टर गद्रे, वहाँ? लोग वहाँ कैसे जाएँगे?" काकांच्या बढतीची फाइल त्या वेळी जीएम साहेबांच्याच टेबलावर होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. श्रीवास्तवजी टेबलाखालून काकांचा पाय दाबत होते. काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, बर्फ को ग्रेड समझ में नहीं आता. छाँव समझ में आती है." जीएम साहेब मूळचे इंजिनियर. ते म्हणाले, "छाँव दिखाओ मुझे."

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार म्हटल्यावर एका संध्याकाळीत डी-टाइपचं रूप पालटलं. गाजरगवत उपटलं गेलं, झोपाळा दुरुस्त झाला, दिसेल त्या दगडाला गेरू आणि चुना फासला गेला. रामकलीबाईच्या दारातला मसाला वाटायचा पाटासुद्धा कुणीतरी अर्धा लाल, अर्धा पांढरा रंगवून गेलं. तुंबलेलं गटार मात्र एवढ्या वेळात साफ होण्यासारखं नव्हतं. साहेब आले, टाकीची सावली पाहिली, मग गटार पाहिलं. सावलीबद्दल काही बोलले नाहीत. गटाराबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठवड्यात गटार मोकळं झालं आणि बर्फ डी-टाइपमध्येच पडणार हे ठरलं.

मेळ्याच्या दिवशी उजाडायच्या आत ट्रक आला. कॉलनीतले पुरुष गोणपाटं हातात घेऊन लाद्या उतरवत होते, बायका फटींत चुरा भरत होत्या. रफीकभाई मफलर बांधून "इधर ख़ाँ, इधर!" करत देखरेख करत होते. दिवस वर आला तेव्हा टाकीच्या सावलीत एका मोठ्या खोलीएवढा पांढराशुभ्र चौकोन चमकत होता. सगळी टाउनशिप लोटली. साहेब लोक त्यांच्या स्वेटरांत, डी-टाइपची माणसं त्यांच्या शालींत, दोन बाजूंना दोन घोळके.

उद्घाटनाला काका ओव्हरकोट घालून आले. डांबराच्या गोळ्यांचा वास चार हातांवरून येत होता. त्यांनी बूट चढवले, बंद बांधले. टाळ्या पडल्या. काका बर्फावर उतरले, एक पाय पुढे टाकला आणि धाडकन आडवे झाले. उठले, पुन्हा आडवे. तिसऱ्या वेळी उठलेच नाहीत. बसूनच राहिले. कडेला उभ्या काकू ओरडल्या, "अहो, तिकडे करत होतात ना रोज?"

"तिकडे मी कधी घसरलो नाही," काका बर्फावर बसल्या बसल्या म्हणाले. "मी पाइप धरायचो."

आधी कुणाला काही समजलं नाही. मग रामकलीबाई पदर खोचून सरळ बर्फावर चालत गेली, काकांना दोन्ही दंडांना धरून उभं केलं आणि म्हणाली, "बिदेस में का सीखे हते, बाबूजी?" दोन्ही घोळके एकदमच हसले. तिला बर्फावर उभी पाहून मॅडमनाही धीर आला. त्यांनी चपला काढल्या, मोज्यांवर दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला त्या रामकलीबाईच्या गळ्यातच पडल्या. त्यानंतर कोण ए आणि कोण डी याचा हिशेब लागेना. जो तो जवळ असेल त्याला धरत होता. रफीकभाईंनी जीएम साहेबांना धरलं होतं आणि दोघेही पडू नयेत म्हणून जागचे हलत नव्हते.

काका कडेला येऊन माझ्याशेजारी बसले. कोपर खरचटलं होतं. "तिकडे मला पहिला महिनाभर कुणी ओळखत नव्हतं, शुभदा," ते म्हणाले. "माझं इंग्रजी त्यांना समजेना, त्यांचं मला. खोलीत बसून मी भात शिजवायचो आणि खिडकीतून ती बाग बघायचो. एका संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्याने दार वाजवलं, हातात पाण्याचा पाइप दिला आणि खुणेनं सांगितलं, आज तुझी पाळी. झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळे हाक मारायला लागले." मग ते कोपर चोळत बर्फावरच्या गोंधळाकडे बघत राहिले.

दुपारपर्यंत सगळ्याचं पाणी झालं आणि मोकळ्या गटारातून वाहून गेलं.

काकांची बढती झाली, पण तिच्याबरोबर उत्तरेकडच्या दुसऱ्या युनिटात बदलीही आली. ती मॅडमच्या रागामुळे, असं काही जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. निरोपाला मॅडमनी स्वतःच्या हातचा गाजर हलवा पाठवला होता. ट्रकवर सामान चढत असताना रामकलीबाई आली. तिने काकूंच्या ओटीत गूळ-तीळ घातले आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. काका मला म्हणाले, "समिती सांभाळ." मी म्हटलं, "मला नाही जमायचं." तर म्हणाले, "मलाही कुठे घसरता येत होतं?"

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू कुठे करायचं असा प्रश्न आला. दर वर्षी आम्ही मराठी बायका आपापल्या घरी करायचो. रामकलीबाई म्हणाली, "दीदी, हमाए पार्क में काय नईं करत?" आम्ही टाकीखाली सतरंज्या घातल्या. मराठी होत्या, सागरच्या होत्या, बंगाली होत्या, दोन मल्याळी नर्स होत्या. हळदीकुंकू म्हणजे काय हे निम्म्याजणींना माहीत नव्हतं. ए-टाइपमधून कुणी येईल अशी आम्हाला आशा नव्हती. मॅडम सर्वांच्या आधी येऊन सतरंजी झटकत होत्या.

त्या संध्याकाळी मी काकांना ट्रंक कॉल लावला. आवाज खरखरत होता. कोण कोण आलं ते सगळं मी सांगितलं. मला वाटलं, ते आता कॅनडाची काहीतरी गोष्ट सुरू करतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, "चहा कुणी केला?"

"सगळ्यांनी मिळून. मोठं पातेलं रामकलीबाईचं, दूध मॅडमच्या घरचं, आणि ढवळायची पाळी जी येईल तिची."

मी दोनदा हॅलो म्हटलं. मग काकूंचा आवाज आला, "अगं, काय सांगितलंस त्यांना? माझ्या हातात फोन देऊन अंगणात जाऊन उभे राहिलेत. हाक मारते तर म्हणतात, थांब जरा."