अर्धं कापलेलं कुंपण

चाळीस वर्षं लोकांची डोकी भादरलेल्या माणसाला घरी बसणं झेपत नाही, हे गल्लीला झिरोकट काकांकडे बघून कळलं. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच ठेवलं होतं. "थोडेसेच कमी करा" म्हणून खुर्चीत बसलेला माणूस उठायचा तेव्हा त्याच्या टाळूला वारा लागत असायचा. दुकान बंद झालं, पण हातांची शिवशिव काही गेली नाही. मग घरापुढचं कुंपण त्यांच्या तावडीत सापडलं. वसंतात पालवी फुटली रे फुटली की काका कात्री घेऊन अंगणात उतरायचे आणि वर डोकावणाऱ्या एका पानाचीही गय करायचे नाहीत.

या वर्षी अंगण जरा जास्तच चकचकीत होतं, आणि त्याचं कारण घरात होतं. दीड महिन्यापूर्वी काकू न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. काका तेव्हा अंगणात वाफे खणत होते. कानात ऐकू यायचं यंत्र असलं की कुदळीचा, कात्रीचा आवाज डोक्यात घुमतो, म्हणून बाहेर काम करताना ते यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. त्या दिवशीही टाकलं होतं. काकू तासभर फरशीवर पडून हाका मारत होत्या, आणि काका पाणी प्यायला आत आले तेव्हा त्यांना ते कळलं.

त्यावर दोघं आजवर एक शब्द बोलली नव्हती. औषधं देणं, अंग पुसणं, वेणी घालणं, काका सगळं करायचे, पण हातातलं काम उरकलं की खोलीत थांबायचे नाहीत. तण उपटायला म्हणून बाहेर पडायचे. तण संपलं, वाळकी पानं संपली, तरी यांचं अंगणातलं काम काही संपेना.

काकूंनी तर उठून बसायचंच सोडलं होतं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला त्या रोज "उद्या बघू" म्हणून वाटेला लावायच्या. तिने काकांना दारात गाठून सांगितलं होतं, "अशाच पडून राहिल्या तर पुन्हा चालणं कठीण आहे, काका." आणि मग गेल्या आठवड्यात काकू आपणहून पाठीशी दोन उशा घेऊन बसायला लागल्या. रोज थोडं जास्त. काकांना वाटलं, आपल्या हातच्या सुपाचा गुण आला. ते सूप मांजरानेही हुंगून सोडून दिलं असतं, पण माणसाला आशा असते.

त्या सकाळी काकांनी खिडकीसमोरचं कुंपण धरलं. यंत्र खिशात होतं. कंगव्याने केस उचलावेत तशी डाव्या हाताने फांदी उचलायची आणि उजव्या हाताने उडवायची, असं करत अर्धं कुंपण झालं. पुढचा झुपका कापला आणि आतून काहीतरी फडफडत त्यांच्या कानशिलाला घासून गेलं. बुलबुल होती. समोरच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं पार उघडं पडलं होतं आणि त्यात ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी होती.

काकांनी मान वर केली. खिडकीत काकू गज धरून बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. काकांनी कसंबसं यंत्र कानात घातलं.

"...थांबा म्हणतेय ना." काकूंचा आवाज पार बसला होता. "केव्हाच्या हाका मारतेय."

काका लगबगीने आत जाऊन दुकानातली जुनी पेटी घेऊन आले. कापलेल्या फांद्या गोळा केल्या आणि केसांचे चाप लावून घरट्यावर पुन्हा बसवल्या. कापलेलं परत जोडायची वेळ त्यांच्यावर चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आली होती. पण तुटलेली पानं किती वेळ टिकणार? ऊन चढत होतं. बुलबुल तारेवर बसून ओरडत होती, आणि पलीकडच्या छपरावरून एक कावळा मान वाकडी करून सगळं बघत होता. काका कात्री घेऊन पहाऱ्यावर उभे राहिले.

"आत या," काकू म्हणाल्या. "तुम्ही तिथे आहात तोवर ती यायची नाही."

"आणि कावळा आला तर?"

"ती आलीच नाही तर उन्हाने तिन्ही जातील. या म्हणते ना."

काकांचे पाय उचलत नव्हते. तरी ते आले, आणि पलंगाजवळच्या खुर्चीवरचे कपडे बाजूला सारून बसले. दीड महिन्यात ते त्या खुर्चीत बसले नव्हते.

"घरट्याचं मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला तुम्ही इथे थांबता कुठे?"

काकांनी खिडकीतून घरट्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणून उठून बसायचीस होय?"

"मग काय तुमच्या सुपासाठी? पडल्या पडल्या दिसत नाही तिथलं."

आपण काय कापलंय हे काकांना तेव्हा कळलं. ही बुलबुल गेली तर काकू पुन्हा आडव्या होतील, आणि मग त्यांना कोण उठवणार? दहा मिनिटं गेली, वीस गेली. बुलबुल कुंपणाच्या टोकाशी उतरली आणि पुन्हा तारेवर गेली. तेवढ्यात कावळा खाली आला. त्याने एक चाप खेचला, फांदी बाजूला पडली. काका ताडकन उठले, तशी काकूंनी त्यांचं मनगट पकडलं.

"तुम्ही गेलात तर ती कायमची जाईल."

कावळ्याने चोच घातली आणि एक अंडं घेऊन तो उडाला. कुठून कोण जाणे, दोन बुलबुल त्याच्यावर तुटून पडल्या आणि त्याला छपरापार हाकलून आल्या. मग एक परतली. कुंपणावर बसली, इकडेतिकडे बघितलं, आणि चापाखालून आत शिरली. मनगटावरची पकड सैल व्हायला बराच वेळ लागला.

"दोनच राहिली," काका म्हणाले.

"दोन्हीवर बसलीय ना." काकूंनी डोळे पुसले. "उद्या ती मुलगी आली की मला खुर्चीत बसवायला सांगा. इथून नीट दिसत नाही." मग म्हणाल्या, "त्या दिवशीही खूप हाका मारल्या हो मी."

"चुकलं माझं," काका म्हणाले. हे दोन शब्द दीड महिना त्यांच्या घशात अडकले होते. "बाहेर थांबत होतो ते त्यामुळेच."

"माहीत आहे मला."

कुंपण तसंच अर्धं राहिलं, गिऱ्हाईक मध्येच खुर्चीतून पळून गेल्यासारखं. संध्याकाळी काका घरट्यापासून लांब, फाटकाजवळ, वाळकी पानं झाडत होते. खराट्याचा कर्रकर्र आवाज डोक्यात घुमत होता, पण यंत्र त्यांनी कानातून काढलं नव्हतं.

"अहो," खिडकीतून हळूच हाक आली.

"आलो." काका खराटा टाकून धावले. "काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "नुसतीच हाक मारून बघितली."