मामांची निळी नखं

शुक्रवार पेठेत आमच्या मामेसासऱ्यांच्या हाती बोट न देता कुणी चहा प्यायला, असं आजवर घडलेलं नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तीस वर्षं चादरीचं सूत रंगवण्यात गेली आणि गेल्या थंडीत कारखान्यात ब्लीचिंगचा वायू छातीत गेला. फुप्फुसं भाजल्यासारखी झाली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी रक्तातला ऑक्सिजन मोजायचं चिमट्याएवढं यंत्र घ्यायला लावलं आणि आकडा नव्वदच्या खाली गेला की तडक या, असं बजावलं. तेव्हापासून मामांना छंदच जडला. दूधवाला, मीटर बघायला येणारा, पूजेला आलेले गुरुजी, कुणाचंच बोट सुटलं नाही. मामींचा आकडा नव्याण्णव आला तेव्हा म्हणाले, "येणारच की. एवढं बोलून बी हिला दम लागत न्हाय." एकदा शेजाऱ्यांच्या शेळीच्या कानाला यंत्र लावलं. शेळीनं त्याची दोरी खाल्ली, मामांनी दुसरी बांधली.

मी बी.एस्सी. झालेला जावई, म्हणून माझ्या शब्दाला त्यांच्याकडे भारी वजन. मीही ते मिरवायचो.

उन्हाळ्यात एका दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. "जावईबापू, पंच्याऐंशी दाखवतंय. जाऊ का दवाखान्यात?" समोर साहेब बसलेले. मी हसून म्हणालो, "मामा, तुमच्या नखांत अजून निळा रंग आहे. यंत्र त्याला फसतं. नखं घासा आणि पडा जरा." नखांच्या रंगानं यंत्र चुकतं, हे मी कुठंतरी वाचलेलं, आणि ते खोटंही नाही. पण तीच नखं रोज चौऱ्याण्णव दाखवत होती, एवढा साधा विचार मी केला नाही.

संध्याकाळी मामी बारशाहून परतल्या तेव्हा मामा लिंबाच्या फोडीनं नखं घासत वाकून बसले होते. ओठ काळेनिळे पडलेले.

"दुपारीच का नाही आणलं?" डॉक्टर चिडले. इतके तास अंगाला ऑक्सिजन पुरला नव्हता, आणि आता फार द्यावा तर त्यानंही जखमी फुप्फुस आणखी जळतं, असं ते म्हणाले. मामी रडायला लागल्या. "अवो, कुणाला फोन तरी करायचा की."

मामांनी मास्क सरकवला, माझ्याकडे एकदा पाहिलं. "सुचलंच न्हाय बघ मला."

मी त्यांचा मास्क पुन्हा नीट बसवला.

आता मामा घरी असतात, नाकात नळी घालून. जिन्यापर्यंत चाललं तरी धापा टाकतात. मी आठ दिवस दवाखान्यात बसून राहिलो म्हणून मामी आल्यागेल्याला सांगतात, असा जावई मिळायला नशीब लागतं. मामाही मान डोलावतात. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तेव्हा वाटतं. पण मामींना खरं सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.