दादांसाठी मुरलेला चहा

पुतणीनं बंगळुरूहून पाठवलेलं पार्सल मी मोठ्या थाटात उघडलं. जादूगार रुमाल काढतो तसा एकेक कागद सोडवत गेलो आणि आतून निघाली चक्क गोवरी. वाटोळी, काळपट, दाबून थापलेली. थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादा आणि तिचे वडील, उशीला टेकून बघत होते.

"पोरीनं सरपण धाडलं व्हय रं?" ते म्हणाले. "पण एकच? एवढ्यात काय व्हतंय माझं."

मी पोट धरून हसलो. बायकोनं डोळे वटारले, तरी हसलो. दादांना हसवणं आणि त्यांच्यावर हसणं, एवढीच दोन कामं माझ्याकडं उरली होती.

लासूर स्टेशनला त्यांचं धान्याचं अडत दुकान होतं. जठराचं दुखणं निघालं, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं, म्हणून ते शहरात, पुंडलिकनगरला आमच्याकडं आले. पेज दिली तरी उलटून पडायची. काहीतरी एक त्यांच्या पोटात ठरावं, यापलीकडं आम्ही कुणी काही मागत नव्हतो.

गोवरी म्हणजे चिनी चहा होता. पानं ओली करून, ढिगात आंबवून, दाबून वडी करून वर्षानुवर्षं मुरवलेला. पुतणी फोनवर सांगत होती, "काका, पोट हलकं होतं, जेवण पचतं, चरबी उतरते म्हणतात." दादांच्या अंगावर चरबी कुठली, आणि जेवणच नव्हतं तर पचवायचं काय, हे मी तिला विचारलं नाही. डॉक्टरांना मात्र विचारलं. ते म्हणाले, "घोटभर द्या. अपाय नाही. उपायही नाही."

दादांनी वडी नाकाशी धरली. उभा जन्म माल वासावर पारखलेला माणूस. "पेवातल्या ज्वारीसारखा वास हाये. माल भिजलाय. ऊन दाखवा."

झालं. आमच्या घरात दादांचा शब्द म्हणजे शब्द. बायकोनं वडी फोडली, गच्चीवर धुतलेल्या धोतरावर पसरली आणि चैत्राच्या उन्हात कडकडीत वाळवली. मग गहू भरतो तसा चहा डब्यात भरून वर कडुनिंबाचा पाला घातला. कीड लागायला नको.

चहा करायचा मान माझा. खांद्यावर पंचा, हातात किटली, समोर प्रेक्षक म्हणून दादा. उकळतं पाणी पानांवर ओतलं आणि लगेच मोरीत फेकलं.

"अहो, सगळा अर्क गेला की," बायको म्हणाली.

"पहिलं पाणी पानांच्या अंघोळीचं," मी ऐट मारली. "दुसरं प्यायचं."

दुसरं पाणी तांबडंलाल उतरलं. ना दूध, ना साखर. दादांनी घोट घेतला, तोंडात फिरवला. "तुझ्या चिन्यांच्या दारात कडूलिंब हाये वाटतं," म्हणाले आणि गिळला. थोड्या वेळानं तोही उलटून पडला.

पुतणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, उन्हात? त्याला सावली लागते. आणि जवळचा कुठलाही वास तो ओढून घेतो."

खरं सांगतो, मला आनंद झाला. चूक चहाची नव्हती, आमची होती, आणि आमची चूक सुधारता येत होती. दादांनाही तसं सांगून टाकलं. ते माझ्याकडं लहान पोराकडं बघावं तसं बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले.

पुतणी नवी वडी घेऊन स्वतः आली, तोवर दादांना सलाईनशिवाय काही चालत नव्हतं. ओठ कापसानं ओले करायचे. तरी तिनं चहा केला, एकही चूक न करता. कप घेऊन ती उशाशी बसली. "अप्पा, थोडासा." दादांनी डोळे उघडले, कपाकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले.

चहा निवत चालला. ती म्हणाली, "काका, तुम्ही प्या. फेकवत नाही मला."

मी प्यालो. चव गोडसर होती, पावसाळी मातीसारखी. पोट खरंच हलकं झालं आणि तिथंच, दादांच्या उशाशी बसल्या बसल्या, मला सपाटून भूक लागली.